दुसरा चमचा कोण मागतं?

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्री अकराला दिवे मालवत नाहीत. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांनी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर पोहोचवलं. तेव्हापासून बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवची मुलं इथं खोली करून राहतात आणि नीटची नाहीतर जेईईची तयारी करतात. नांदेडला श्रीनगर, भाग्यनगर भागात असंच चित्र दिसतं. या मुलांच्या दिवसाला एक ठरलेली लय असते आणि त्या लयीत चहा असतोच. पहाटे उठल्यावर एक, क्लासला जाताना एक, मेसचं जेवण झाल्यावर एक आणि झोप अंगावर यायला लागली की आणखी एक. गाड्यावरचा ग्लास लहान असतो, पण त्यातला चहा कडक असतो. अद्रक ठेचून टाकलेलं, पत्ती पुन्हा पुन्हा उकळलेली, आणि साखर अशी की तळाशी उरलेला शेवटचा घोट पाकासारखा लागावा.

एवढ्याशा ग्लासाला एवढी साखर का लागते? मराठवाड्याला गोड चहाच आवडतो, हे उत्तर सगळे देतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आवड कशी बनते, हा खरा प्रश्न. दुसऱ्या चमच्याची मागणी काही प्रमाणात पत्ती करते, काही प्रमाणात सवय करते. गेल्या काही वर्षांतलं संशोधन सांगतं की तिच्यात कॅफिनचाही वाटा असावा, आणि तो ज्या मार्गानं येतो त्याची कल्पना फार थोड्यांना असते.

कॅफिन सर्वप्रथम वेगळं काढलं ते 1819 साली, जर्मनीत. फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला कवी गटेनं कॉफीच्या बिया दिल्या आणि त्यांत काय आहे ते शोध म्हणून सुचवलं. पुढं 1827 मध्ये चहातून एक पदार्थ मिळाला, त्याला ‘थीन’ म्हणू लागले. दहा-अकरा वर्षांनी स्पष्ट झालं की थीन आणि कॅफिन हे दोन नाहीतच, एकच आहेत. म्हणून ‘कॉफीत कॅफिन असतं, चहात नसतं’ ही समजूत आजही ऐकू येते तेव्हा ती खोडून काढायला हवी. कोरड्या चहापत्तीच्या वजनाचा साधारण 2 ते 4 टक्के भाग कॅफिनचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत दीडशे मिलिलिटरच्या उकळून गाळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन धरलं आहे. दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅमची. गाड्यावरचा ग्लास दीडशे मिलिलिटरचा नसतो हे खरं, पण त्यातला चहा घरच्याहून दाट असतो. शेवटी कॅफिन किती उतरतं हे ग्लासापेक्षा पत्ती किती टाकली आणि किती उकळली यावर ठरतं.

झाड कॅफिन बनवतं ते आपल्या जागरणासाठी नाही. कोवळी पानं कुरतडणाऱ्या किडीला ते विषासारखं असतं, आणि खाणाऱ्याला आधीच कडू लागून ते इशाराही देतं. पण झाडाची चतुराई इथं संपत नाही. कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतल्या मधुरसातही थोडं कॅफिन सापडतं. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेराल्डीन राइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे प्रमाण मधमाशीला कडू लागणार नाही इतकं कमी असतं, पण त्या फुलाचा वास तिच्या लक्षात राहायला पुरेसं असतं. कॅफिनचा रस चाखलेल्या माश्यांपैकी दुसऱ्या दिवशी तो वास ओळखणाऱ्या माश्या साध्या साखरपाण्यावरच्या माश्यांच्या तिपटीनं निघाल्या. म्हणजे पानात कडू लागेल इतकं आणि फुलात कडू न लागेल इतकं, असा हिशेब झाडानं आपल्या कितीतरी आधी बसवलेला आहे. चव आणि कॅफिन यांचं नातं मात्रेवर ठरतं, हे तिथंच दिसतं.

आता जिभेकडे येऊ. टोकाला गोड, बाजूंना आंबट-खारट आणि मागं कडू असा जिभेचा नकाशा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत काढला असेल. तो चुकीचा आहे. जिभेवर जिथं जिथं स्वादकलिका आहेत तिथं तिथं पाचही मूळ चवी कळतात. एकेका कलिकेत पन्नास ते शंभर पेशी असतात आणि त्या झिजून नव्या होत राहतात. गोड ओळखायला त्या पेशींवर मुख्यतः एकच ग्राहक असतो, दोन प्रथिनांची जोडी मिळून बनलेला. कडू ओळखायला मात्र माणसाकडे सुमारे 25 वेगवेगळे ग्राहक आहेत. यात आश्चर्य नाही. साखर एकाच तऱ्हेची, विषं नाना तऱ्हेची. या पंचवीसांपैकी किमान पाच ग्राहक कॅफिनला प्रतिसाद देतात. चवीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत ‘कडू’ म्हणजे काय हे परीक्षकांना शिकवायला जे प्रमाण द्रावण देतात, त्यात कॅफिनच असतं.

असं असूनही चहाचा कडवटपणा बहुतांशी कॅफिनचा नसतो. कॉफीतही भाजताना बनणारी इतर संयुगं जास्त कडू असतात, कॅफिनचा वाटा त्या मानानं लहान. चहात कडू आणि तुरट चवीचं मोठं काम पॉलिफेनॉलं करतात, ज्यांना आपण सरसकट टॅनिन म्हणतो. तुरटपणा ही खरं तर चव नाहीच, ती स्पर्शाची जाणीव आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. कच्च्या केळीचा तुकडा चावला की जे होतं तेच.

मराठवाड्याच्या चहाचा स्वभाव इथं समजतो. आपल्याकडचा रोजचा चहा सीटीसी जातीचा, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून बारीक दाणे केलेला. हे यंत्र 1930 च्या सुमारास आसामात निघालं आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत देशभर पसरलं. दाणा बारीक, त्यामुळं पाण्याला भिडणारा पृष्ठभाग मोठा. रंग झटकन उतरतो, कडकपणा झटकन येतो आणि एका किलोत जास्त कप निघतात. गरिबाला परवडणारा चहा देशात आला तो या दाण्यामुळं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. पण तोच दाणा पाच-सात मिनिटं खळाखळा उकळला की कॅफिनबरोबर टॅनिनही मोकळेपणानं उतरतं. नुसतं डिकाशन म्हणून ते पिऊन पाहा, जीभ आखडते. मग दूध येतं. दुधातलं केसीन टॅनिनला स्वतःकडे ओढून घेतं आणि तुरटपणा उतरतो. कडवटपणा मात्र दुधानं पुरता जात नाही. त्यासाठी साखर लागते, कारण दोन चवी एकत्र आल्या की एकमेकींना दाबतात आणि गोड ही कडूला दाबणारी सगळ्यांत भरवशाची चव आहे. पाडव्याला कडुनिंबाच्या कोवळ्या पानांबरोबर गूळ कुटणाऱ्या आजीला हे कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

तेव्हा पहिला चमचा पत्ती मागते. दूध महाग असेल आणि हात आखडता घ्यावा लागत असेल तर ती थोडा जास्तच मागते. दुष्काळी भागात, जिथं घरी जनावर उरलेलं नाही तिथं, चहा दुधाला कमी आणि साखरेला जास्त असतो. साखर तर या भागाला दूरची नाहीच. मांजरा काठचे साखर कारखाने लातूरची ओळख होऊन बसले आहेत.

पाण्याचाही यात हात आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. त्या वर्षी शहर टँकरवर आणि खोल बोअरवर जगत होतं. बोअरचं पाणी जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट क्षार जास्त असतील, तर चहावर तपकिरी साय धरते. ती दुधाची नसते. कॅल्शियम आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या मदतीनं टॅनिनचीच बनलेली ती पापुद्र्यासारखी फिल्म असते. अशा पाण्यात चहाचा रंग मळकट येतो, चव बोथट होते. मग माणूस पत्ती वाढवतो. पत्ती वाढली की साखर वाढते. जिभेच्या संवेदनशीलतेचा विचार करताना आपण जीभ तेवढी पाहतो, पण तिच्यापुढं येणारा चहाच प्रत्येक गावाचा वेगळा आहे.

हे झालं कपातलं. आता शरीरातलं.

जागं असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो आपल्या ग्राहकांना जाऊन मिळाला की मेंदू मंदावतो, जांभया येतात. कॅफिनच्या रेणूची ठेवण ॲडेनोसिनशी इतकी जुळते की ते त्याच ग्राहकांवर जाऊन बसतं, पण काम काहीच करत नाही. ॲडेनोसिनच्या खुर्चीवर दुसराच बसलेला असतो, म्हणून झोपेचा निरोप पोहोचत नाही. थकवा गेलेला नसतो, त्याची बातमी अडवलेली असते. रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांनी हा फरक नीट ध्यानात घ्यावा असं मला फार वाटतं. रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. रात्री अकराचा चहा पहाटे चारला अर्धा शिल्लक असतो, आणि पाठ केलेलं पक्कं होण्यासाठी जी झोप लागते ती झोप तो पातळ करतो.

ॲडेनोसिनचे ग्राहक फक्त मेंदूत नाहीत. 2012 मध्ये रॉबिन डँडो, निरुपा चौधरी, स्टीफन रोपर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्वादकलिकांवर काम करून दाखवलं की गोड ओळखणाऱ्या पेशींवरही ॲडेनोसिनचा एक ग्राहक आहे आणि ॲडेनोसिन तिथं पोहोचलं की गोडाचा संदेश वाढतो. कलिका स्वतःच ॲडेनोसिन बनवते आणि स्वतःच गोडाला जोर देते. हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. कॅफिन जर मेंदूत ॲडेनोसिनची जागा अडवतं, तर जिभेवर अडवेल का? आणि अडवलं तर गोड कमी लागेल का?

डँडो यांच्याच कॉर्नेल विद्यापीठातल्या गटानं 2017 मध्ये हे माणसांवर तपासलं. 107 जणांना साखर घातलेली, मूळची कॅफिन काढलेली कॉफी दिली. एका नमुन्यात 200 मिलिग्रॅम कॅफिन परत मिसळलं होतं. दुसऱ्यात कॅफिन नव्हतं, पण तेवढाच कडवटपणा यावा म्हणून क्विनाइन घातलं होतं. प्रयोगाची खरी हुशारी या क्विनाइनमध्ये आहे. कारण कॅफिन स्वतः कडू, आणि कडूनं गोड दबतं हे आपण आताच पाहिलं. क्विनाइन नसतं तर कडवटपणाचा परिणाम कोणता आणि कॅफिनचा कोणता हे सांगता आलं नसतं. निकाल असा आला की कॅफिनची कॉफी लोकांना कमी गोड लागली. त्यानंतर दिलेली साखरेची द्रावणंही कमी गोड लागली. बाकीच्या चवींत असा फरक दिसला नाही. आणि आपण प्यायलेल्या कॉफीत कॅफिन होतं की नव्हतं, हे त्यांना ओळखता आलं नाही.

हे वाचून लगेच ‘चहा जीभ मारतो’ असा निष्कर्ष काढू नये, कारण तीनच वर्षांनी डेन्मार्कमधून वेगळं उत्तर आलं. आरहूस विद्यापीठाच्या अलेक्झांडर फेलस्टाड यांच्या गटानं 156 जणांची चव आणि वासाची पारख कॉफी पिण्याआधी आणि प्यायल्यानंतर मोजली. वासात फरक पडला नाही. कॉफीनंतर लोकांना कमी साखरेचं द्रावणही गोड म्हणून ओळखू येऊ लागलं आणि कडू ओळखणं कठीण झालं. कॉर्नेलच्या अगदी उलट! मग त्यांनी कॅफिन काढलेल्या कॉफीवर तोच प्रयोग केला, तेव्हाही निकाल तोच आला. म्हणजे इथं परिणाम कॅफिनचा नव्हता, कॉफीतल्या दुसऱ्या कशाचा तरी होता.

दोन अभ्यास एकमेकांना खोडतात म्हणून दोन्ही फेकून देणारे वाचक असतात. मला तसं वाटत नाही. दोघांनी विचारलेले प्रश्न वेगळे आहेत. आरहूसमध्ये तुलना होती कॉफीआधीच्या आणि कॉफीनंतरच्या जिभेची. कडू पेय प्यायलेली जीभ कडवटपणाला सरावते, थोडी बधिरते, आणि त्या पार्श्वभूमीवर गोड उठून दिसतं. कॉर्नेलमध्ये दोन्ही बाजूंना सारखंच कडू पेय होतं, त्यामुळं हा सरावाचा भाग दोन्हीकडे सारखा झाला आणि उरला तो कॅफिनचा निव्वळ परिणाम. शिवाय एका ठिकाणी मोजलं ते अगदी सौम्य चव ओळखता येते का हे, दुसरीकडे मोजलं ते ठळक चव किती ठळक वाटते हे. दोन्ही गोष्टी एकाच जिभेवर एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आधी प्यायलेला कडवटपणा नंतरच्या गोडाला वर आणतो, कॅफिन त्याला किंचित खाली ओढतं.

आपला चहा या दोन्ही प्रयोगांत बसत नाही, हेही सांगायला हवं. कॉर्नेलच्या नमुन्यातलं 200 मिलिग्रॅम कॅफिन म्हणजे चार-पाच ग्लास कडक चहा एकदम. एका ग्लासानं एवढा परिणाम होईल असं धरता येत नाही. दुसरं म्हणजे आरहूसच्या कॉफीसारखा आपला चहा निव्वळ कडू नसतो. त्यात गोड आहेच, आणि जीभ ज्या चवीत बुडते त्याच चवीला मंद होते. पेढा खाऊन लगेच चहा घेतला की तो फिक्का लागतो, हे कोणत्याही लग्नघरात सांगतील. दिवसभर गोड चहा घेणाऱ्याची जीभ जवळजवळ सतत त्या पेढ्यानंतरच्या अवस्थेत असते. त्यात कॅफिनचा थोडा हात लागला, तर दुसऱ्या चमच्याची मागणी कुठून येते ते कळतं. मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटणारं स्पष्टीकरण हेच आहे. टॅनिनमुळं साखर सुरू होते, सवयीमुळं ती वाढते आणि कॅफिन त्या वाढीला हलकासा रेटा देतं.

सगळ्यांच्या जिभा सारख्या नाहीत, ही गोष्ट मात्र पक्की आहे आणि तिची सुरुवात योगायोगानं झाली. 1931 मध्ये ड्यूपाँ कंपनीतल्या आर्थर फॉक्सच्या हातून पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारचा म्हणाला कडू, फॉक्सला काहीच लागेना. ही चव कळणं-न कळणं आनुवंशिक आहे असं दिसल्यावर जगभरच्या आणि भारतातल्याही मानवशास्त्रज्ञांनी पीटीसीच्या चिठ्ठ्या घेऊन गावोगाव लोकांच्या जिभा तपासल्या. कॅफिनचा कडवटपणा ओळखणारे ग्राहक पीटीसीच्या ग्राहकाहून वेगळे आहेत आणि त्यांचीही जनुकं माणसामाणसांत बदलतात. 2018 मध्ये ब्रिटनच्या चार लाखांहून अधिक लोकांच्या जनुकीय माहितीवरून एक अनपेक्षित गोष्ट पुढं आली. ज्यांना कॅफिन जन्मतः जास्त कडू लागतं ते कॉफी कमी नाही, उलट जास्त पितात. चहा मात्र ते कमी पितात. कडू लागणं आणि नकोसं वाटणं यांच्यामध्ये शिकलेली आवड येते, असा याचा एक अर्थ लावतात. ज्या कडवटपणामागून तरतरी येते तो कडवटपणा माणूस हवाहवासा करून घेतो. हे सगळे लोक युरोपीय वंशाचे आणि बिनउकळलेला चहा पिणारे होते. लातूर-नांदेडच्या जिभांवर ते जसंच्या तसं लादू नये.

एका प्रश्नाशी मात्र इथल्या घराघराचा संबंध आहे. अनशापोटी चहा घेतला की पित्त होतं, छातीत जळजळतं, ही तक्रार मराठवाड्यात कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर ऐकू येईल. कडू ओळखणारे ग्राहक जिभेपुरते नाहीत. जठरात आम्ल तयार करणाऱ्या पेशींवरही ते सापडतात. व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की कॅफिन थेट जठरात पोहोचलं की या ग्राहकांमार्फत आम्ल वाढतं. उलट कॅफिन फक्त तोंडात घोळवून थुंकलं तर आम्लाची प्रतिक्रिया लांबते. एकच रेणू, एकच जातीचा ग्राहक, पण तोंड आणि जठर यांचं उत्तर निरनिराळं. कडू कळल्यावर तोंड जणू थांबायला सांगतं, जठर कामाला लागतं. आजी ‘आधी भाकरीचा तुकडा तरी खा’ म्हणते, त्यात ऐकण्यासारखं आहे.

भाकरीबरोबरच चहा घ्यावा का, तर तेही नको. ज्वारीची भाकरी, मेथी, डाळ यांतलं लोह टॅनिन बांधून ठेवतं आणि ते रक्तात कमी शोषलं जातं. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. रक्त कमी असलेल्या बायका आणि मुली आपल्याकडे घरोघर आहेत, आणि जेवणाच्या ताटावरून उठताच चहाचा कप हाती घेण्याची पद्धतही घरोघर आहे. या दोन गोष्टी शेजारी शेजारी राहतात याचं मला वाईट वाटतं, कारण एक तास थांबायला पैसे लागत नाहीत.

साखरेचा हिशेब करू. दोन चमचे म्हणजे सुमारे 10 ग्रॅम. पाच कपांचे 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये मोकळ्या साखरेची जी मर्यादा सुचवली ती मोठ्या माणसाच्या आहारात साधारण 50 ग्रॅम येते, आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहा असं ती म्हणते. चहानंच ती संपते, बिस्किटं आणि सणावारचं गोड बाकीच आहे. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या 10 कोटींच्या वर आहे, असा अंदाज आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीवरून 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. आता ‘शुगर’ हा आजार गावखेड्यातही ओळखीचा झाला आहे. गुळाच्या चहाचे गाडे जागोजागी दिसू लागले आहेत, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळही साखरच.

दिलासा देणारी गोष्ट ही की जीभ मागं फिरते. अमेरिकेतल्या मोनेल संस्थेनं काही जणांच्या आहारातली साखर तीन महिने बरीच कमी केली. तिसऱ्या महिन्यात त्याच गोडीचं पुडिंग त्यांना इतरांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त गोड लागू लागलं. पुढं हवं ते खायची मोकळीक दिल्यावर ते लवकरच पूर्वीच्या प्रमाणावर गेले, हेही तितकंच खरं. आपल्या कामाचा अभ्यास मात्र 2019 मधला, लंडन आणि लीड्सच्या संशोधकांचा. साखरेचा चहा घेणाऱ्या 64 पुरुषांपैकी काहींनी महिनाभरात साखर थोडी थोडी कमी केली, काहींनी एकदम सोडली आणि काहींनी काहीच बदललं नाही. हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी 42 टक्के आणि एकदम सोडणाऱ्यांपैकी 36 टक्के लोकांनी चहातली साखर पूर्णपणे थांबवली. न बदलणाऱ्या गटात हे प्रमाण 6 टक्के होतं. आणि चहाची गोडी त्यांच्या मनातून उतरली नाही, चहा त्यांना पूर्वीइतकाच आवडत राहिला. घरात चहा करणाऱ्या व्यक्तीला ठाऊक असो, साखर अगदी थोडी थोडी कमी केली तर बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही.

थंड बाटलीतल्या ‘एनर्जी’ पेयांचं वेगळं सांगायला हवं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘कॅफिनेटेड’ पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असू शकतं, आणि ते मुलांसाठी नाही अशी सूचना वेष्टनावर द्यावी लागते. ही पेयं अतिशय गोड असतात. त्याचं एक कारण कॅफिनचा कडवटपणा झाकणं हे आहे, आणि गारवा हे दुसरं, कारण गोडाचा संदेश पुढं नेणारी पेशीतली एक वाहिनी उबेत जास्त चालते आणि थंडीत मंदावते. तेवढीच गोडी थंड पेयात जाणवायला साखर जास्त घालावी लागते. चहा बशीत ओतून घेणाऱ्या माणसाला ही वाहिनी नकळत साथ देते. बशीतला चहा कोमट होतो, भाजत नाही, आणि गोडी नीट कळते. 65 अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाशी जोडली गेली आहेत, त्या अर्थानंही बशी बरी.

आपल्या जिभेवर कॅफिनचा काय परिणाम होतो हे पाहायचं असेल तर खोलीत दोघं मिळूनही पाहता येतं. चार बाटल्यांत एकेक लिटर पिण्याचं पाणी घ्या आणि त्यांत 2, 4, 8 आणि 16 ग्रॅम साखर विरघळवा. किराणा दुकानातला छोटा काटा पुरेल. पाचव्या बाटलीत साधं पाणी. एकानं तीन सारख्या ग्लासांत घोट-घोट ओतायचं, दोनांत साधं, एकात साखरेचं, आणि दुसऱ्यानं न बघता वेगळा ग्लास ओळखायचा. सगळ्यांत कमी साखरेपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक वेळी साध्या पाण्यानं चूळ भरायची. नुसत्या अंदाजानं तीनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून प्रत्येक पायरी किमान सहा वेळा तरी करावी. सहापैकी पाचदा बरोबर आलं तर ती गोडी कळते असं धरायला हरकत नाही. एक दिवस हे चहाशिवाय करा, एक दिवस बिनसाखरेचा कडक चहा घेऊन पाऊण तासानं करा आणि एक दिवस नेहमीच्या गोड चहानंतर करा. वेळ रोज तीच ठेवा, आधी तासभर काही खाऊ नका, ठेचा तर नाहीच, आणि सर्दी असेल तर तो दिवस सोडून द्या. मग महिनाभर चहातली साखर हळूहळू कमी करून हेच पुन्हा करा आणि दोन्ही वेळचे आकडे एकाच वहीत समोरासमोर लिहा.